गोळी सकाळी सातला, पोळी दुपारी चारला

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातली. वय ४७. मला शुगर निघून चार वर्षं झाली. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी आणि रात्री नुसती मेटफॉर्मिन घेते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) ८.४ टक्के आली होती. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी सातला गोळी घेतली आणि पुरणावरणाला लागले. आमच्यात नैवेद्य झाल्याशिवाय घरची बाई तोंडात काही घालत नाही. आरती व्हायला दोन वाजले. आरतीतच मला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले. मी काहीतरी बडबडले म्हणे, मला आठवत नाही. बायका म्हणाल्या, अंगात आलं. मळवट भरला, ओटी भरली, पाया पडल्या. कुणीतरी गुळवणी पाजली तेव्हा भानावर आले. मग सवाष्णी उठल्यावर चारला जेवायला बसले, तर भूक आवरेना. तीन पोळ्या खाल्ल्या. रात्री मुलानं मशीनवर शुगर बघितली तर ३४०. तेव्हापासून भीती बसली आहे. सणाचं काही असलं की मी गोळीच घेत नाही. सासूबाई म्हणतात, वर्षातून एकदा खाल्ल्यानं काय होतं. जाऊबाई म्हणतात, गूळ चालतो, साखर नको. आता नवरात्र, दिवाळी, मग येळवस (वेळा अमावास्या). मी काय खावं आणि काय नाही?
(एक वाचक, औसा तालुका)

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलं आहे काय खावं. त्याचं उत्तर देणारच आहे, पण आधी घड्याळाचं बोलू. कारण त्या दिवशी तुम्हाला पुरणपोळीनं त्रास दिला नाही. पोळी पानात यायच्या दोन तास आधीच तुम्ही संकटात होता.

देवीवर तुमची, तुमच्या घराची श्रद्धा आहे. त्याबद्दल मला एक अक्षरही बोलायचं नाही. पण दरदरून घाम, थरथर, बडबड, नंतर काही न आठवणं, आणि गोड पोटात गेल्यावर भान येणं, ही सगळी लक्षणं रक्तातली साखर फार खाली गेल्याची आहेत. तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे ते बघत नाही. सकाळी सातला ते पोटात गेलं, आणि तुम्ही पहाटेपासून पुरण वाटत, चुलीपुढे उठबस करत, दोन वाजेपर्यंत पाण्यावर राहिलात. कष्टानंही साखर उतरते. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती खाली ओढली गेली. साखर ७०च्या खाली गेली की शरीर घाम, धडधड, थरथर अशा खुणा करतं. ५४च्या खाली मेंदूला इंधन कमी पडायला लागतं आणि माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, ओळखीची माणसं ओळखत नाही. तिथून पुढं झटके आणि बेशुद्धी. तुम्ही त्या दिवशी या वाटेवर बऱ्याच पुढं गेला होता असं मला वाटतं. गुळवणी पाजणाऱ्या बाईनं तुम्हाला वाचवलं.

आणि ती ३४०? तीन पोळ्यांचा तिच्यात वाटा आहेच. पण साखर एकदम खाली गेली की शरीर घाबरून साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि भूकही राक्षसासारखी लागते. तेव्हा तुम्हाला ‘आवरेना’ झालं, यात तुमचा हावरटपणा नव्हता. सकाळच्या उपाशीपोटी गोळीचाच तो दुसरा अंक होता.

म्हणून सणाला गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. गोळी नाही आणि वर पुरणाचं जेवण, म्हणजे साखर चढायला मोकळं रान. ग्लिमेपिराइड हे दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर किंवा न्याहारीबरोबर घ्यायचं औषध आहे. ज्या दिवशी न्याहारीच नाही, त्या दिवशी ते कधी घ्यायचं, किती घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून सण यायच्या आधी ठरवून घ्या, आणि जमलं तर चिठ्ठीवर लिहून घ्या. त्यांना महालक्ष्म्यांच्या दिवशीचा प्रकार सगळा सांगा, अंगात आल्याचं म्हणाले तेसुद्धा. लाजू नका. कदाचित ते गोळीच बदलतील. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर अशी सहसा उतरत नाही. साखर अशी धोक्याइतकी खाली न नेणारी इतरही औषधं आहेत. पण ही अदलाबदल त्यांनी करायची, तुम्ही किंवा मी नाही.

आता उपासाचं. नैवेद्याआधी काही खायचं नाही ही तुमच्या घरची रीत आहे. पण व्रताचे नियम ज्यांनी घातले, त्यांनीच पाणी, कंदमुळं, फळं, दूध, औषध अशा आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असंही सांगून ठेवलं आहे. हे तुमच्या सासूबाईंना जरूर सांगा. त्यांना पटेल असं मला वाटतं, कारण हा कुणा डॉक्टरांचा शोध नाही, जुन्या धर्मवचनातला आहे. तेव्हा सकाळी कपभर दूध, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एखादा पेरू किंवा सफरचंद घ्यायला काहीच हरकत नसावी. पहिल्या दिवशी आपल्याकडे महालक्ष्म्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. दुसऱ्या दिवशी त्यातलीच प्रसादाची चतकोर भाकरी सकाळी घेतलीत तर मला ते सगळ्यात आवडेल. आणि नैवेद्य अकरा-साडेअकराला दाखवता येतो का, ते बघा. पुरणाची डाळ आदल्या रात्री शिजवून ठेवली, सोळा भाज्या आधी निवडून ठेवल्या, तर दोन तास सहज वाचतात.

पदराला किंवा कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी बांधून ठेवा. घाम-थरथर सुटली की थांबायचं नाही, आरती असो की पंगत. तीन छोटे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायची. पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं. ७०च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की भाकरी, दूध असं काहीतरी खायचं, कारण या गोळीचा अंमल दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. अशा वेळी लाडू, पेढा, पुरणपोळी देऊ नये. त्यातलं तूप-खवा साखर रक्तात पोचायला वेळ लावतात. आणि माणूस गिळण्याइतका शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. हे तुमच्या मुलाला, जाऊबाईंना आणि शेजारच्या एका बाईला तरी माहीत पाहिजे. कारण ती वेळ आली की तुम्हाला स्वतःला काही सांगता येणार नाही.

हे सगळं झालं, मग आता पोळीकडे वळू.

पुरणपोळी बंद करा असं मी म्हणणार नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी सगळ्या गावाला वाढायचं आणि आपण भाकरी चावत बसायचं, असं कुठल्याही बाईला मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी ते टिकत नाही. पण हिशेब बघा. किलोभर डाळीला किलोभर गूळ, आणि त्याच्या तीसेक पोळ्या. म्हणजे एका पोळीत ३३ ग्रॅमच्या आसपास गूळ, साधारण सहा-सात चमचे साखरेइतका. वर कणीक वेगळी. त्यात आपल्याकडे पोळी गुळवणीत कुस्करायची पद्धत. वाटीभर गुळवणीतून आणखी चार-पाच चमचे सहज जातात. तुमच्यासाठी मी ही गुळवणी सोडायला सांगेन. पोळी दुधाबरोबर आणि चमचाभर तुपाबरोबर खा, चव कुठंही कमी होत नाही. मध्यम आकाराची एक पोळी, किंवा मोठी असेल तर अर्धी. पुरणातली हरभरा डाळ चांगलीच आहे, ती साखर सावकाश चढवते. जड जातो तो गूळ.

जाऊबाईंना प्रेमानं सांगा, गूळ चालत नाही. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. ‘गूळ चालतो’ या एका समजुतीनं आपल्या भागात फार नुकसान केलंय. साखरेचा चहा सोडून गुळाचा चहा दिवसातून चारदा पिणाऱ्या कितीतरी बायका माझ्याकडे येतात.

ताटात पोळीखेरीज काय काय असतं ते आठवा. येळवणीची (कटाची) आमटी, कढी, भजी, कुरडई, भात, चटण्या, कोशिंबीर, त्या सोळा भाज्या. कुरडई आणि भात हे दोन्ही पोळीसारखेच पिठूळ, म्हणून ज्या दिवशी पोळी, त्या दिवशी भात घासभर, प्रसादापुरता. कुरडईचा एक तुकडा. भाज्या आणि कोशिंबीर मात्र भरपूर घ्या. आणि जेवायचा क्रम बदला, हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. आधी कोशिंबीर, भाज्या आणि वाटीभर आमटी पोटात जाऊ द्या, पोळी त्यानंतर. तेच अन्न, पण भाजी आणि डाळ आधी गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे शुगरच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्याकडे पहिला घास पोळीचा घ्यायची सवय आहे, ती एवढी मोडा. नैवेद्याचा पहिला घास गोडाचा घ्यायचाच असेल तर तो नखाएवढा घ्या. जेवण झालं की आडवं व्हायचं नाही. पंधरा मिनिटं अंगणात, गल्लीत, देवळापर्यंत चाला.

पण ताई, खरी अडचण ताटात नाहीच, हे तुमच्या पत्रातही दिसतं. तुम्ही सगळ्यांना वाढून शेवटी जेवता. सवाष्णी, पाहुणे, घरचे पुरुष, मुलं, आणि मग उरलंसुरलं घेऊन तुम्ही. तोवर भाज्या संपलेल्या असतात, कोशिंबीर संपलेली असते, आणि उरतात पोळ्या, गुळवणी आणि भात. आपल्या घरांमधून शुगर असलेल्या बायकांचं सणाचं जेवण हे असं ठरतं. ज्याला पथ्याचं ताट सगळ्यात आधी मिळायला पाहिजे, त्याला ते सगळ्यात शेवटी मिळतं. मला याचा मनापासून राग येतो. तेव्हा पहिल्या पंगतीच्या वेळीच तुमच्या भाज्या, आमटी आणि कोशिंबीर वेगळ्या डब्यात काढून ठेवा, आणि दुसऱ्या पंगतीत बसा. वाढायला मुलगा आहे, मालक आहेत. हे तुम्ही एकटीनं ठरवून होणार नाही. तुमच्या मालकांनी सासूबाईंना आदल्या दिवशी सांगायला हवं, की उद्या ही एकच्या आत जेवणार. मुलानं सांगितलं की आई ऐकते, सुनेनं सांगितलं तर तो हट्ट ठरतो. बरोबर नाही हे, पण सणाच्या दिवशी भांडण नको असेल तर हाच रस्ता धरा.

आग्रह करणाऱ्या सवाष्णीला ‘मला शुगर आहे’ एवढं सरळ सांगा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. तुमच्या पंगतीत तुम्ही एकट्या नसणार. तुम्ही बोललात की दुसरी कुणीतरी हळूच म्हणेल, मलाही आहे. आणि आग्रहाला उलटा आग्रह करा: “पोळी नको काकू, आमटी वाढा अजून.” वाढणाऱ्याला वाढल्याचं समाधान मिळतं.

सासूबाईंच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. एका दिवसाच्या जेवणानं तीन महिन्यांची साखर बिघडत नाही. पण ‘वर्षातून एकदा’ हे मोजून बघू या. पाडवा, अक्षय तृतीया, नागपंचमी, पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, येळवस, संक्रांत, होळी. मध्ये लग्नं, बारशी, जावळं. शिवाय प्रत्येक सणाचं शिळं पुरण दोन दिवस, फराळाचे डबे पंधरा दिवस. तुमची ८.४ सणामागून येणाऱ्या या दिवसांतून येते, सणाच्या एका दुपारीतून नाही. सण झाला की उरलेल्या पोळ्या त्याच संध्याकाळी सवाष्णींच्या शिदोरीत बांधून द्या. घरात राहिल्या तर दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तुम्हीच खाणार.

नवरात्राबद्दल थोडक्यात. नऊ दिवसांचा कडक उपास या गोळीवर करू नका. उठता-बसता करा, तोही डॉक्टरांना विचारून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्ट पदार्थ, त्याची थाळीभर खिचडी तुमची साखर पोळीसारखीच वाढवते. त्यापेक्षा वाटीभर भगर, त्यावर भरपूर शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी. राजगिऱ्याची भाकरीही चालेल. अन् खाण्यापलीकडचं एक सांगते, कारण आपल्या भागात ते सांगावंच लागतं. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणं किंवा कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणं तुम्ही करू नका. शुगरमध्ये पायांची जाणीव हळूहळू कमी होते. काटा रुतलेला, फोड आलेला कळत नाही. मग जखम चिघळते, आणि पाय कापण्यापर्यंत गोष्ट जाते. आई भवानीला पायांत चप्पल घालून चालत गेलेली लेकही चालते, अशी माझी श्रद्धा आहे.

दिवाळीत फराळ जेवणाच्या जागी घ्या, जेवणावर नाही. आणि करताना चाखणं बंद, तो अर्धा फराळ असतो. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या मिठाईत साखर नसली तरी मैदा आणि खवा असतोच, त्या नावावर विसंबू नका.

येळवशीबद्दल मात्र मला भरभरून लिहायचं आहे. आपल्या लातूर-धाराशिव भागाचा हा सण, आणि शुगर असलेल्या माणसासाठी वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण त्या दिवशी रानात शिजतं. भज्जी घ्या. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वाल-पापडी, मेथी, पातीचा कांदा, वर डाळीचं पीठ आणि ताक. इतक्या डाळी आणि भाज्या एका भांड्यात वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी येतात? बाजरीचे उंडे, ज्वारीचं आंबील, वांग्याचं भरीत, धपाटे. यातलं काहीही तुम्हाला वर्ज्य नाही. दोन वाट्या भज्जी आणि दोन उंडे खा, आंबील प्या. बीपी असेल तर आंबिलात मीठ बेतानं घाला. गव्हाची गुळाची खीर मात्र चार चमचे, आणि तिळाची किंवा शेंगांची पोळी असेल तर खीर आणि पोळी यातली एकच, तीही पाव. हरभऱ्याचे डहाळे हवे तितके खा. पेरू, बोरं मूठभर. ऊस टाळा. हुरडा असेल तर चटणीबरोबर मूठ-दोन मुठी, गूळ आणि रेवड्या बाजूला.

त्या दिवशी जपायचं ते पुन्हा वेळेचंच. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होईपर्यंत, आंबील शिंपडून होईपर्यंत दुपार होते. डोक्यावर टोपलं घेऊन शेतापर्यंत चालत गेलात तर साखर आणखी उतरते. घरून निघताना भाकरी-भाजी खाऊन निघा आणि साखरेची पुडी बरोबर ठेवा.

मशीन घरात आहे, तर सणाच्या दिवशी तीनदा बघा: सकाळी उपाशीपोटी, जेवायच्या आधी, आणि जेवल्यावर दोन तासांनी. वहीत आकडा लिहा आणि समोर काय खाल्लं ते लिहा. उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत असावी असं सर्वसाधारण धोरण आहे. तुमचा आकडा डॉक्टर सांगतील. पट्ट्या परवडत नसतील तर गावच्या आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. सणानंतर साखर लागोपाठ दोन-तीन दिवस २५०च्या वर राहिली, तहान आणि लघवी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर विसर्जन, भाऊबीज, पाहुणे यांपैकी कशासाठीही थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि जाताना ती वही बरोबर न्या.